गाडीच्या एसीतली गळती: देवबागच्या नोंदी

गाडी वॅगन आर, २००५ची, पेट्रोल. आम्ही मालवण तालुक्यात देवबागला राहतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. गाडी उभी असते तिथून लाटांचा आवाज ऐकू येतो. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा कुडाळला असतं. जाताना ती बरी असते, परतताना तिच्यात त्राण नसतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दीड वाजता चौके गावापासून घरापर्यंत उघड्या खिडकीतून येणारी गरम हवा तिला सोसत नाही. एसी चालू राहणं ही आमच्याकडे चैन नाही.

गेली तीन वर्षं दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅस भरून घेत होतो. एकदा १८०० रुपये, मग २०००, मग २२००. गणपतीपर्यंत गारवा टिकायचा, दिवाळीला संपायचा. गॅस का जातो, हे तिन्ही वेळा कुणी तपासलं नाही आणि मीही विचारलं नाही. या वर्षी स्वतः करायचं ठरवलं. ज्यांची गाडी जुनी आहे आणि घर समुद्राजवळ आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

रविवार, १४ एप्रिल २०२४

एसीतला दाब मोजायचं दोन काट्यांचं मॅनिफोल्ड गेज मागवलं होतं, १९०० रुपयांना. निळी नळी लो साइडची (कमी दाबाची बाजू), लाल हाय साइडची (जास्त दाबाची), पिवळी मधली. आर-१३४ए गॅसच्या गाड्यांत दोन्ही सर्व्हिस वॉल्वची, म्हणजे गॅस भरायच्या तोंडांची, मापं वेगळी असतात, १३ आणि १६ मिमी, त्यामुळे नळ्यांची अदलाबदल होऊ शकत नाही. बॉनेटच्या आतला स्टिकर खाऱ्या हवेने पुसट झालाय. आर-१३४ए एवढं वाचता येतं, किती ग्रॅम ते दिसत नाही.

इंजिन बंद असताना दोन्ही काटे ४५ पीएसआय दाबावर. सावलीत तापमान ३१ अंश. हा आकडा नीट समजून घ्या. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तर बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो; ३० अंशाला तो साधारण ९७ पीएसआय असायला हवा. तो निम्म्याखाली आहे म्हणजे द्रव संपलाय, आत नुसती वाफ आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा: ९७ दिसले म्हणजे गॅस पुरेसा आहे असं मुळीच नाही. पाव भरलेल्या सिस्टीमलाही ९७च दिसतात.

इंजिन चालू करून एसी लावला तर गॅस दाबून फिरवणाऱ्या कंप्रेसरचा क्लच टक करून लागतो, दोन-तीन सेकंदांत सुटतो, परत लागतो. दाब कमी पडला की प्रेशर स्विच क्लचचा करंट तोडतो, कंप्रेसर तेलाविना जळू नये म्हणून. हा स्विच शॉर्ट करून गॅस भरणारे मी पाहिले आहेत. करू नका. तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नाही तर तेलही नाही.

शनिवार, २० एप्रिल

मालवणात फ्रिज आणि डीप फ्रीजर दुरुस्त करणारे एक काका आहेत. मासळीवाल्यांचे फ्रीजर तेच बघतात. त्यांना आकडे सांगितले. म्हणाले, “गॅस काय पेट्रोल न्हय, जळान संपाक. कमी झालो म्हणजे खयसून तरी भायर गेलो. आधी भोक सोध, मगे गॅस.” एवढं साधं वाक्य मला तीन वर्षांपूर्वी ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

उरलेला गॅस हवेत सोडायचा नव्हता. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. तीन वर्षांत माझ्या गाडीतून निदान १ किलो तरी गेला असेल. म्हणजे जवळजवळ दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं, तेही आळसापोटी. हे मनाला लागलं. कुडाळला रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजात गाडी नेऊन उरलेला काढून घेतला. जेमतेम ६० ग्रॅम निघाला. ४०० रुपये.

घरी येऊन दोन्ही सर्व्हिस वॉल्वच्या पिन बदलल्या. स्कूटरच्या ट्यूबच्या वॉल्वसारखीच पिन असते, पण ट्यूबची पिन इथे चालत नाही, रबर वेगळं असतं. जुन्या लो साइडच्या पिनेचं रबर चिरलेलं होतं आणि वरची टोपी तर केव्हाचीच हरवलेली. मला वाटलं, सापडलं कारण. ८० रुपयांत काम झालं म्हणून त्या रात्री निवांत झोपलो.

रविवार, २१ एप्रिल

काका नायट्रोजनचा छोटा सिलिंडर आणि रेग्युलेटर घेऊन आले. सिस्टीममध्ये १५० पीएसआय नायट्रोजन भरला. इथे दोन गोष्टी. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा कधीही भरायची नाही: तिच्यात पाणी असतं, आणि आर-१३४ए हवेत मिसळून दाबाखाली असला की तो पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर कोणत्याही परिस्थितीत नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आणि नायट्रोजन रेग्युलेटरशिवाय जोडू नका, सिलिंडरमधला दाब गाडीच्या नळ्यांच्या कितीतरी पट असतो.

भांड्याच्या साबणाचा दाट फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावला. सर्व्हिस वॉल्व कोरडे, म्हणजे पिनेचं काम झालं. कंप्रेसरच्या शाफ्टपाशी काही नाही. डॅशबोर्डचा कप्पा काढून कूलिंग कॉइलच्या नळ्या बघितल्या, तिथेही नाही. दहा मिनिटांनी काटा १४६वर आलेला. काकांनी इंजिन, पंखे, शेजाऱ्यांचा रेडिओ सगळं बंद करायला लावलं आणि कान लावून बसले. कंडेन्सर म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल; त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बारीक सूं सूं आवाज. फेस लावल्यावर तिथे साबूदाण्यासारखे बुडबुडे एकामागून एक.

बंपर आणि पुढची जाळी काढली. खालच्या बोटभर उंचीत वाळू, पाचोळा आणि मीठ यांचा थर घट्ट बसलेला. त्याखाली ॲल्युमिनियमचे पत्रे हात लावताच पांढऱ्या भुकटीसारखे गळाले. कंडेन्सर गाडीच्या अगदी तोंडाशी असतो आणि माझ्या गाडीचं तोंड कायम समुद्राकडे असायचं.

याहून वाईट गोष्ट मला संध्याकाळी सुचली. मी कंडेन्सर धूत होतो! दर महिन्याला, नेमाने. विहिरीच्या पाण्याने. आमच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं, चहाला आम्ही ते वापरत नाही. म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली मी त्या पत्र्यांवर महिन्याला एकदा मिठाचं पाणी शिंपडून उन्हात वाळवत होतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने आपल्या धुण्याच्या पाण्याची चव एकदा घेऊन बघावी.

सोल्डर किंवा एपॉक्सी लावून भोक बुजवता येईल का, हे काकांना विचारलं. त्यांनी दुसऱ्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं, ते आत गेलं. उत्तर मिळालं.

शनिवार, २७ एप्रिल

कंडेन्सर कोल्हापूरहून मागवला. ३१०० आणि पाठवणीचे २५०. कंपनीचा नाही, पर्यायी आहे. माप बरोबर, पण खालचे दोन कान अर्धा इंच इकडेतिकडे. पट्टी कापून ड्रिलने नवी भोकं पाडावी लागली, यात तीन तास गेले. तुम्ही मागवाल तेव्हा जुना काढून शेजारी ठेवा आणि कानांची अंतरं मोजून विक्रेत्याला कळवा.

नळ्यांच्या जोडांतल्या रबरी ओ-रिंग सगळ्या नव्या टाकल्या, हिरव्या, एसीच्याच, १८० रुपयांचा डबा. काळी साधी रबरी रिंग बसते आणि महिनाभरात फुगते. पहिली रिंग मी कोरडीच बसवली आणि नळी ढकलताना ती दुमडून कापली गेली. काढून बघितली म्हणून कळलं. रिंगला कंप्रेसरचंच पीएजी तेल लावायचं, ग्रीस नाही. नव्या कंडेन्सरमध्ये ३० मिली तेल ओतलं, जुन्याबरोबर जेवढं जातं त्याची भरपाई म्हणून. तेलाचा ग्रेड कंप्रेसरवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तोच घ्या. बाटली ४२० रुपयांची.

आता चूक. नवी ड्रायर बॉटल (७००) समोर होती. दोन्ही तोंडांच्या टोप्या काढल्या, रिंगा लावल्या, आणि लाइट गेली. अंधारात बोल्टचा आटा जाईल म्हणून सकाळी करू म्हटलं आणि बॉटल तशीच बाकावर ठेवून घरात गेलो.

रविवार, २८ एप्रिल

सकाळी काकांना फोन केला. रात्रभर उघडी राहिली म्हटल्यावर ते काही क्षण गप्पच राहिले. ड्रायरमध्ये पाणी शोषणारे दाणे असतात. आपल्याकडे एप्रिलअखेर पहाटे हाताला दमटपणा जाणवतो, अशा हवेत ते दाणे रात्रीतून भिजतात. भिजलेला ड्रायर बसवला तर पाणी आत राहतं, एक्सपान्शन वॉल्वच्या बारीक तोंडाशी त्याचा बर्फ होतो आणि वाट अडते; शिवाय तेलाशी मिळून ते आतून धातू खातं. बॉटल गेली. दुसरी मागवली, आणखी ७०० आणि तीन दिवस.

पीएजी तेलाचंही तसंच आहे. बाटली उघडली की लागेल तेवढं घेऊन लगेच झाकण. उघड्या वाटीत ओतून ठेवू नका. कोल्हापूर-सांगलीकडे करणाऱ्याला एवढी घाई नसेल, आपल्याला आहे.

बुधवार, १ मे

सुट्टी. ड्रायर सगळ्यात शेवटी बसवला: टोप्या काढल्यापासून नळ्या घट्ट होईपर्यंत चार मिनिटं. परत १५० पीएसआय नायट्रोजन. साबणाला कुठेही बुडबुडा नाही. संध्याकाळी सहाला, ३३ अंश असताना, काट्यावर चिकटपट्टीने खूण केली.

गुरुवार, २ मे

पहाटे साडेपाचला १४६. चार पीएसआय कमी. माझा धीर सुटला. कामावर दांडी मारली, बंपर पुन्हा काढला, प्रत्येक जोड दोनदा फेसाने माखला. दुपारी एकापर्यंत काही सापडेना. काकांना फोन. “राती थंड पडला मा? मगे काटो खाली येतलोच.”

पहाटे तापमान २६ होतं. सात अंशांनी हवा थंड झाली की बंद नायट्रोजनचा दाब एवढा उतरतोच. हिशोब मांडला तर बरोबर चारच्या आसपास येतो. संध्याकाळी सहाला पुन्हा ३३ अंश, काटा पट्टीच्या खुणेवर. गळती नव्हती. एक दिवसाचा पगार आणि बंपरच्या दोन क्लिपा यात गेल्या. दाब लिहिताना शेजारी तापमान लिहा, आणि त्याच तापमानाला परत वाचा.

शनिवार, ४ मे

नायट्रोजन सोडला, व्हॅक्यूम पंप लावला. पंप भाड्याचा, दिवसाला ३००. अर्धा तास झाला तरी काटा २७ इंचांच्या (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) पुढे जाईना.

व्हॅक्यूमचं काम हवा काढणं एवढंच नाही, आतलं पाणी उकळवून काढणं हे खरं काम. ३० अंश तापमानात पाणी उकळायला साधारण २८.७ इंच व्हॅक्यूम लागतो. २७वर ते ४५ अंशांपर्यंत उकळतच नाही, म्हणजे पंप रात्रभर चालवला तरी पाणी आतच. आपण समुद्रसपाटीला आहोत, इथे चांगला पंप २९.५ दाखवायला हवा. पुण्यात उंचीमुळे तोच पंप २८च्या आगेमागे थांबेल आणि तरी तो ठीक असेल. त्यामुळे घाटावरच्या माणसाने सांगितलेला आकडा इथे जसाच्या तसा घेऊ नका.

पंपाच्या काचेतून तेल बघितलं तर ताकासारखं पांढरं. आधीच्या कुणाच्या तरी सिस्टीममधलं पाणी त्यात उतरलेलं. तेल बदललं, १५० रुपये. दहा मिनिटांत २९.५. तसाच पाऊण तास चालवला, गेजच्या दोन्ही चाव्या बंद केल्या, मग पंप बंद. चाव्या आधी बंद करायच्या, नाहीतर पंपाचं तेल उलट खेचलं जातं. रात्रभर काटा हलला नाही. या वेळी तापमानाची भीती नव्हती, व्हॅक्यूमवर त्याचा फरक नगण्य पडतो.

रविवार, ५ मे

गॅसचे डबे ४५० ग्रॅमचे, ६०० रुपयाला एक. किती भरायचा? कुडाळच्या रिकव्हरीवाल्याने या गाडीला साडेचारशे ते पाचशे सांगितलं होतं. घरात मासे तोलायचा डिजिटल काटा आहे, पाच ग्रॅमपर्यंत वाचतो. डबा त्यावर ठेवून भरला. नुसत्या दाबावर भरू नका: दमट हवेत कूलिंग कॉइलवर भार जास्त असतो, लो साइड वरच राहते, आणि ती ३०वर आणायच्या नादात माणूस एकतर कमी भरतो किंवा भलतंच काहीतरी बदलत बसतो.

डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. उघड्यावर हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, कातडीवर पडला तर भाजल्यासारखी जखम होते. पिवळ्या नळीतली हवा आधी क्षणभर सोडून काढली. लाल चावी बंद करून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली, कारण इंजिन चालू असताना ती चुकून उघडली तर हाय साइडचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो. डबा सरळ उभा, म्हणजे वाफच जाते. उलटा धरला तर द्रव जातो, आणि द्रव कंप्रेसरला दाबता येत नाही, वॉल्व तुटतात.

इंजिन बंद असताना १४० ग्रॅम आपोआप गेला. मग इंजिन चालू, एसी फुल, दारं उघडी. डबा थंड पडून त्यावर दहिवर जमलं आणि वेग मंदावला. अंघोळीच्या कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, मधूनमधून पुसून तोलला. डब्याला मेणबत्ती किंवा लायटर दाखवणारे असतात. डबा बॉम्बसारखा फुटू शकतो.

२६० ग्रॅमला हाय साइडचा काटा चढू लागला. २५०, २८०, ३१० पीएसआय. एवढ्या गॅसला एवढा दाब शक्यच नाही. इंजिन तत्काळ बंद. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता! बंपर जोडताना तिथला प्लग मीच लावला होता, पण आतल्या पिना हिरव्या पडून खाल्लेल्या. नव्या कंडेन्सरच्या आनंदात पंखा एकदा फिरवून बघायचं राहिलं. हे भरण्याच्या आधी करायचं काम आहे. नवा प्लग ६० रुपयांचा, वर पातळ ग्रीस. मालवणात रविवारी इलेक्ट्रिकचं दुकान उघडं सापडेपर्यंत दोन तास.

पंखा फिरू लागल्यावर हाय साइड १८०ला उतरली. पुढचं शांतपणे भरलं. दुसऱ्या डब्यातले ३० धरून एकूण ४७० ग्रॅम. शेवटचे आकडे, ३३ अंश, इंजिन १५०० फेऱ्यांवर: लो ३८, हाय २२५. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत, जिथून गार हवा येते, थर्मामीटर ८.५ अंश.

आई दारात उभी राहून बघत होती. तिला पुढच्या सीटवर बसवलं. काही बोलली नाही, हात जाळीसमोर धरून बसली.

मंगळवार, ७ मे

मतदानाचा दिवस, म्हणून सुट्टी. मतदान करून आईला फेरफटका मारून आणावा म्हणून निघालो. पंचवीस मिनिटं छान, मग गरम वारा. बटणाचा दिवा चालू. परत गॅस गेला या विचाराने पोटात गोळा आला, पण गेज लावलं तर बंद गाडीतला दाब ठीक. क्लचच्या वायरला करंट येत होता, तरी क्लच चिकटत नव्हता. लाकडी दांडीने हलकेच दाबला तर लगेच पकडला.

क्लचची पुढची चकती आणि पुली यांत ठरावीक फट असते. वर्षानुवर्षं झिजून ती वाढते. क्लचची कॉइल तापली की तिचं चुंबक कमजोर पडतं आणि वाढलेली फट ओढू शकत नाही. त्यात आमच्या गाडीत तीन वर्षं कमी गॅसमुळे क्लच दिवसात शेकडो वेळा लागून सुटत होता, म्हणजे तीही झीज गळतीचीच. फिलर गेजने मोजली, ०.९ मिमी. मधला बोल्ट काढून चकतीमागच्या वॉशरांतला एक पातळ वॉशर कमी केला, फट ०.५वर आली. याला गॅस काढावा लागत नाही. पाऊण तासाचं काम, खर्च शून्य.

रविवार, १२ मे

या आठवड्यात कुडाळच्या दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत दुपारी दोनला बाहेर ३५ अंश. रस्त्यावर जाळीत ८ ते ९ अंश, नेरूरपारच्या पुलाअलीकडे ट्रकमागे अडकलो तेव्हा १३पर्यंत चढला. गाडी जागेवर उभी असताना एवढं चढणारच. आपल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी वेगळं करण्यातच जाते. परतताना आई झोपली. घराशी उठवली तेव्हा म्हणाली, “आज घाम येवक नाय रे.”

खर्च मांडला. गेज धरून, वाया गेलेली ड्रायर बॉटल धरून, काकांचे आणि नायट्रोजनचे ५०० धरून एकूण ९९४० रुपये. यातलं ७०० शुद्ध माझ्या हलगर्जीपणाचं. तीन वर्षांत नुसत्या गॅसला ६००० गेले होते आणि हातात काही उरलं नव्हतं. वेळ साडेसहा दिवस, त्यातला तापमान न बघितल्यामुळे एक पूर्ण दिवस.

कंडेन्सर आता नळाच्या गोड्या पाण्याने, आठवड्याला एकदा, झारीने धुतो. प्रेशर वॉशर नाही, पातळ पत्रे लगेच वाकतात. गाडी उलटी लावतो, तोंड घराकडे.

रविवार, १६ जून

पाऊस लागला. परवा आईच्या चपला ओल्या निघाल्या. आधी दारातून गळतंय असं वाटलं, पण एसी लावला की पायाखालचं पायपुसणं भिजायचं. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी खाली एका रबरी नळीतून गाडीबाहेर पडतं. एवढी वर्षं एसी नीट गार होतच नव्हता, पाणी फारसं जमतच नव्हतं, म्हणून नळी तुंबल्याचं कळलं नाही. गाडीखाली झोपून सायकलच्या ब्रेकची तार घातली. आधी मूठभर ओली वाळू आली, मग भसकन लिटरभर पाणी.

बंद गाडीचा दाब आज सकाळी २८ अंशांना ९१ पीएसआय. एसी लावून हाय आणि लो दोन्ही बघितले, पाच मेच्या आकड्यांच्या जवळपास आहेत. आता गाडीखाली पाण्याची धार पडते. पुढचं वाचन गणपतीनंतर घेऊन इथेच लिहीन.